निवृत्तीच्या पुंजीला पाच लाखांचेच कुंपण का? रिझर्व्ह बँकेला खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई
मा. अध्यक्ष, ठेव विमा आणि पतहमी महामंडळ (डीआयसीजीसी), मुंबई

विषय : निवृत्तांच्या ठेवींवरील विमा संरक्षण आणि नागरी सहकारी बँकांवरील निर्बंध

महोदय,
सविनय नमस्कार.

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी आपण मुंबईतील न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. त्यानंतर चारच दिवसांनी केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाच्या सचिवांनी मुंबईतच पत्रकारांना सांगितले की ठेव विम्याची, म्हणजे बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराला मिळणाऱ्या भरपाईची, पाच लाखांची मर्यादा वाढवण्याचा विचार सुरू आहे आणि सरकारने मंजुरी दिली की तशी अधिसूचना निघेल. हे पत्र मी नोव्हेंबर २०२५ मध्ये लिहीत आहे आणि मर्यादा अजून पाच लाखच आहे. मधल्या काळात, ऑक्टोबरच्या पतधोरणात, बँकांनी भरायचा विमा हप्ता त्यांच्या जोखमीनुसार ठरवण्याची घोषणा आपण केली, ज्यामुळे सुस्थितीतील बँकांचा हप्ता कमी होईल. ती घोषणा योग्यच आहे; अशी सूचना ठेव विम्यातील सुधारणांचा विचार करणाऱ्या कपूर समितीने १९९९ साली केली होती. परंतु बँकांच्या हप्त्याचा निर्णय झाला आणि ठेवीदाराच्या संरक्षणाचा मात्र विचाराधीन राहिला, हा क्रम मला निमूटपणे मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र.

मर्यादा वाढवण्याचा अधिकार कायद्याने महामंडळाला दिलेला आहे, त्यासाठी केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि महामंडळ ही रिझर्व्ह बँकेच्या संपूर्ण मालकीची संस्था आहे. त्यामुळे पत्र आपणा दोघांच्या नावे आहे. ते खुले ठेवण्याचे कारण एवढेच की माझ्यासारखे ठेवीदार एकमेकांना भेटतात ते बँकेवर निर्बंध आल्यानंतर, शटरसमोरच्या गर्दीत. त्याआधी त्यांनी या विषयावर एकमेकांशी बोलावे अशी माझी इच्छा आहे.

माझा या प्रश्नाशी संबंध काय, हे आधी सांगते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका खासगी कारखान्याच्या लेखा विभागातून मी निवृत्त झाले. माझे यजमानही खासगी नोकरीतूनच निवृत्त झाले. आम्हाला सरकारी निवृत्तिवेतन नाही. भविष्य निर्वाह निधीची जी पेन्शन योजना १९९५ साली आली, तिच्यात पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये धरली जाते, त्यामुळे पस्तीस वर्षे नोकरी केलेल्यालाही साधारणपणे महिना साडेसात हजारांच्या वर काही मिळत नाही. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपयांवर आहे. आम्हा दोघांची पेन्शन या दोन आकड्यांच्या मधली आहे आणि ती वरच्यापेक्षा खालच्याला जवळची आहे. तेवढ्यात विजेचे बिल, सोसायटीचा देखभाल खर्च आणि औषधांचा काही भाग निघतो. बाकीचे घर चालते ते फंडाच्या आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांतून केलेल्या मुदत ठेवींच्या व्याजावर. मुद्दलाला हात लावायचा नाही हा आमच्या घरचा नियम आहे, कारण मुद्दल मोडले की पुढच्या महिन्याचे व्याज तेवढ्याने घटते आणि वय झालेल्या माणसाला ती घट भरून काढण्याचा दुसरा मार्ग उरलेला नसतो.

या ठेवींचा मोठा भाग आमच्या भागातील एका नागरी सहकारी बँकेत होता आणि थोडा अजून आहे. ती बँक आजतागायत व्यवस्थित चालू आहे, तिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही, त्यामुळे तिचे नाव इथे घेण्याचे कारण नाही. मात्र माझ्या नणंदेची ठेव ज्या दुसऱ्या सहकारी बँकेत होती, तिच्यावर निर्बंध आले, पुढे परवाना गेला आणि अवसायक, म्हणजे बँकेचे व्यवहार गुंडाळणारा अधिकारी, नेमला गेला. विम्याचे पाच लाख तिला मिळाले. त्यावरच्या रकमेसाठी तिने अवसायकाकडे रीतसर दावा केला आहे आणि तो तिथे पडून आहे. ती रक्कम तिच्या दिवंगत पतीच्या फंडाची होती. तेव्हापासून रस्त्याने जाताना कोणत्याही बँकेच्या दारात नेहमीपेक्षा चार माणसे जास्त दिसली की आमचे हे थांबतात आणि काय झाले म्हणून विचारून येतात. बहुतेक वेळा पासबुक छापण्याचे यंत्र बंद पडलेले असते.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार मर्यादेची आहे. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या हातात एकरकमी किती पैसा येतो, हे सरकारला ठाऊक नाही असे म्हणता येत नाही. खासगी नोकरदाराची २० लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त आहे आणि ही मर्यादा २०१८ साली सरकारनेच वाढवलेली आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम गुंतवता येते. तीही मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून सरकारनेच दुप्पट केली. म्हणजे कर लावताना आणि स्वतःच्या योजनेत पैसे घेताना निवृत्ताची पुंजी वीस-तीस लाखांची असू शकते हे सरकार धरून चालते, आणि तीच पुंजी बँकेत ठेवल्यावर तिची हमी देण्याची वेळ आली की मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांवर थांबते. एकाच माणसाच्या एकाच पैशाला दोन वेगवेगळ्या मापांनी मोजण्याचे समर्थन मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही.

या मर्यादेचा इतिहासही फारसा अभिमानाचा नाही. १९६० साली केरळमधील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला, तेव्हा संरक्षण दीड हजार रुपयांचे होते. पुढच्या अठरा-वीस वर्षांत ते टप्प्याटप्प्याने वाढत १९८० मध्ये ३० हजारांवर आले आणि १ मे १९९३ पासून एक लाख झाले. त्यानंतर सत्तावीस वर्षे हा आकडा हलला नाही. बँकांच्या ग्राहकसेवेचा विचार करणाऱ्या, एम. दामोदरन यांच्या अध्यक्षतेखालील आपल्याच समितीने २०११ साली पाच लाखांची शिफारस केली होती. ती अमलात यायला ४ फेब्रुवारी २०२० उजाडावे लागले, आणि तेही पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजे पीएमसीचे, ठेवीदार महिनोन्महिने रस्त्यावर उतरल्यानंतर. आजचे पाच लाख हे २०११ साली पुरेसे वाटलेले पाच लाख आहेत. पुढची वाढ होण्यासाठी पुढची बँक बुडण्याची वाट पाहिली जात आहे, असा समज सामान्य माणसाने करून घेतला तर त्यात त्याचा दोष किती, याचा आपण विचार करावा.

यावर महामंडळाकडून एक आकडा नेहमी पुढे केला जातो, तो म्हणजे देशातील सुमारे ९८ टक्के ठेव खाती पाच लाखांच्या मर्यादेत पूर्णपणे संरक्षित आहेत. लेखा विभागात आयुष्य गेल्यामुळे मला या आकड्यात काय मोजले आहे हे पाहण्याची सवय आहे. त्यात खाती मोजलेली आहेत. शून्य शिलकीचे खाते, पगार जमा होऊन आठवड्यात रिकामे होणारे खाते, शाळकरी मुलाचे खाते, ही सगळी त्या ९८ टक्क्यांत येतात, आणि त्यांना तसा धोकाही थोडाच असतो. रकमेच्या हिशेबाने पाहिले तर संरक्षित ठेवींचे प्रमाण निम्म्याहूनही कमी भरते. उरलेल्या दोन टक्के खात्यांत कंपन्या आणि धनिक असतील हे मी नाकारत नाही, पण त्याच दोन टक्क्यांत निवृत्त कामगार, निवृत्त शिक्षिका, विधवा आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेली माणसेही आहेत, ज्यांच्या हातात आयुष्यात एकदाच मोठी रक्कम आली आणि ती त्यांनी एका ठिकाणी ठेवली. कोट्यधीशाची ठेव ही त्याच्या मालमत्तेचा एक तुकडा असते. निवृत्ताची ठेव हेच त्याचे सगळे काही असते. त्या दोघांना एकाच टक्केवारीत बसवून आकडा समाधानकारक आहे असे म्हणू नये, ही माझी विनंती आहे.

दुसरी तक्रार हप्त्याची आहे आणि ती थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे. बँका शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे विमा हप्ता भरतात, आणि हा हप्ता पाच लाखांपर्यंतच्या ठेवींवर न मोजता एकूण ठेवींवर मोजला जातो. वीस लाखांच्या ठेवीवर २,४०० रुपये हप्ता जातो. संरक्षण मात्र ज्या पाच लाखांना आहे त्यांचा हप्ता ६०० रुपये होतो. हप्ता बँकेने भरायचा, तो ठेवीदाराकडून वसूल करायचा नाही, हा नियम मला माहीत आहे, परंतु बँकेचा प्रत्येक खर्च शेवटी ती देत असलेल्या व्याजदरात कुठे ना कुठे उतरतोच. ज्या पंधरा लाखांना संरक्षण नाही त्यांच्यावर हप्ता का घेतला जातो? मार्च २०२५ अखेर ठेव विमा निधी सव्वादोन लाख कोटी रुपयांच्या वर गेलेला आहे. २०२३-२४ मध्ये हप्त्यांपोटी जवळपास २४ हजार कोटी रुपये जमा झाले आणि दाव्यांपोटी १,४३२ कोटी दिले गेले. हप्त्याचा बहुतांश भाग व्यापारी बँका भरतात आणि दावे मात्र सहकारी बँकांचे येतात, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झाकून ठेवत नाही. पण जोखमीनुसार हप्ता आकारण्याचे ठरवून आपण त्या आक्षेपाला उत्तर शोधलेच आहे. मग मर्यादा वाढवायला हरकत कशाची, हे कळायला हवे.

तिसरी तक्रार अशी की या मर्यादेने म्हाताऱ्या माणसांना एका वेगळ्याच कामाला जुंपले आहे. बँकेतला अधिकारी, घरातला भाचा, सोसायटीतले निवृत्त काका, ज्याला विचारावे तो एकच सल्ला देतो : पाच-पाच लाख वेगवेगळ्या बँकांत वाटून ठेवा. सल्ला बरोबर आहे आणि आम्ही तो पाळला. तो पाळायचा म्हणजे काय, हे सांगते. पाच लाखांत व्याजही धरले जात असल्याने प्रत्यक्ष ठेव पाचपेक्षा कमीच ठेवावी लागते. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवले तर दोन्ही रकमा एकत्र मोजल्या जातात, म्हणून बँकच बदलावी लागते. प्रत्येक बँकेत बचत खाते, प्रत्येक ठिकाणी केवायसी, व्याजातून कर कापू नये म्हणून दरवर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक ठिकाणी पंधरा-एच फॉर्म, प्रत्येक पावतीवर वारसाचे नाव, प्रत्येक बँकेचे वेगळे मोबाइल अॅप आणि त्या प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड. मुदत संपल्याच्या तारखा लक्षात ठेवण्यासाठी मी जुन्या हिशेबाच्या वहीत तक्ता आखला आहे. मला ती सवय आहे म्हणून जमते. यजमानांची हृदयशस्त्रक्रिया झालेली आहे, मला गुडघ्यांचा त्रास आहे, आणि आमच्यापैकी एकजण गेल्यावर दुसऱ्याला एवढ्या ठिकाणी मृत्यूचा दाखला घेऊन फिरावे लागणार आहे.

शिवाय नियमांचे खाचखळगे माहीत असलेल्याला जास्त संरक्षण मिळते. एकाच बँकेत नवऱ्याच्या एकट्याच्या नावे एक, बायकोच्या एकटीच्या नावे दुसरी, दोघांच्या संयुक्त नावाने तिसरी आणि तीच दोन नावे उलट क्रमाने घालून चौथी, अशा ठेवी ठेवल्या तर त्या प्रत्येकीला वेगवेगळे संरक्षण मिळते. हा नियम महामंडळाच्या संकेतस्थळावर आहे. ज्याने वाचला त्याचे वीस लाख सुरक्षित आणि ज्याने नाही वाचला त्याचे पाच. माझ्या नणंदेचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले आहे. विम्याचे संरक्षण नियम वाचण्याच्या कुवतीवर अवलंबून असावे, असे कायदा करणाऱ्यांच्या मनात नक्कीच नव्हते.

चौथी तक्रार सर्वांत गंभीर आहे. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर स्थगिती आली, खातेदारांना पैसे काढण्यावर पन्नास हजारांची मर्यादा घातली गेली आणि तेराव्या दिवशी ती उठलीही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लक्ष्मी विलास बँकेवर स्थगिती आली आणि दहा दिवसांत ती डीबीएस बँकेत विलीन झाली. या दोन्ही ठिकाणी ठेवीदारांचा एक रुपयाही बुडाला नाही, याबद्दल रिझर्व्ह बँकेचे आभारच मानायला हवेत. आता पुण्याच्या रुपी बँकेकडे पाहा. १९१२ साली स्थापन झालेली ही बँक. तिच्यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले, ते वारंवार वाढवले गेले, आणि अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला. नऊ वर्षांहून अधिक काळ तिचे ठेवीदार बँक जगणार की मरणार हे न कळता थांबले होते. मुंबईच्या सीकेपी बँकेवर २०१४ पासून निर्बंध होते. परवाना एप्रिल २०२० मध्ये गेला. परवाना देणारी संस्था एकच, तपासणी करणारी संस्था एकच, विमा एकच. मग व्यापारी बँकेच्या ठेवीदाराला दिवसांत उत्तर आणि सहकारी बँकेच्या ठेवीदाराला वर्षांत, हा भेद कशासाठी?

पीएमसीचे उदाहरण तर निवृत्त माणसाने विसरू नये असे आहे. तिच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच समूहाकडे गेलेले होते आणि ते लपवण्यासाठी २१ हजारांहून जास्त बनावट खाती वापरली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा पहिल्या आदेशात खातेदाराला सहा महिन्यांसाठी एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन करताना जी योजना मंजूर झाली, तिच्यात पाच लाखांवरील रक्कम हप्त्याहप्त्याने आणि शेवटचा भाग दहा वर्षांनी देण्याचे ठरले, आणि ३१ मार्च २०२१ नंतर पाच वर्षे त्या रकमेवर व्याज नाही. ज्याचे वय तीस आहे त्याला दहा वर्षे हा तोटा आहे. ज्याचे वय पंच्याहत्तर आहे त्याला आपण पैसे देणार आहोत की त्याच्या वारसांना, हा प्रश्न योजना मंजूर करताना कोणी विचारला होता का? व्याजावर जगणाऱ्याचे व्याज पाच वर्षे थांबवले तर त्याने त्या पाच वर्षांत काय खावे, याचे उत्तर योजनेत नाही.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देणे बंधनकारक झाले आणि ती मोठी सुधारणा आहे; पूर्वी परवाना रद्द होऊन अवसायक नेमला जाईपर्यंत ती मिळत नसे. न्यू इंडिया बँकही सहा महिन्यांच्या आत, ४ ऑगस्ट २०२५ रोजी, सारस्वत बँकेत विलीन झाली. म्हणजे मनावर घेतले तर सहकारी बँकेचाही प्रश्न लवकर सुटतो.

पाचवी तक्रार माहितीची आहे. न्यू इंडिया बँकेच्या तिजोरीतील १२२ कोटी रुपयांची रोकड नाहीशी झाल्याचा गुन्हा दाखल झाला. एवढी रोकड कागदावर होती आणि प्रत्यक्षात नव्हती, हे लेखापरीक्षणात आधी का दिसले नाही? रोख शिल्लक मोजून वहीशी ताडून पाहणे हे आमच्या कारखान्यातला शिकाऊ कारकूनही पहिल्या महिन्यात शिकतो. रिझर्व्ह बँक सहकारी बँकांची तपासणी करते, एखादी बँक घसरू लागली तर तिच्यावर कर्जवाटपाचे आणि लाभांशाचे बंधन घालते, आणि एप्रिल २०२५ पासून मोठ्या नागरी सहकारी बँकांसाठी त्वरित सुधारणात्मक कारवाईची नवी चौकटही लागू झाली आहे. परंतु ठेवीदाराला बँकेची प्रकृती बिघडल्याचे कळते ते बहुधा निर्बंधांच्या संध्याकाळी. तोपर्यंत शाखेत व्याजदरांचा फलक लटकत असतो, ज्येष्ठांना अर्धा टक्का जादा व्याजाची जाहिरात असते आणि वार्षिक सभेत अहवालाची जाड पुस्तिका वाटली जाते, जिच्यातले बुडीत कर्जाचे आकडे वाचायला शिकलेला माणूस शंभरात एखादा असतो.

ठेवीदाराला पूर्ण संरक्षण दिले तर तो बँक निवडताना बेफिकीर होईल, असा युक्तिवाद तज्ज्ञ करतात. तो मला पटला असता, जर ठेवीदाराला फिकीर करण्यासाठी लागणारी माहिती मिळत असती. तपासणीचा अहवाल गोपनीय, बँकेची श्रेणी गोपनीय, आणि बुडाल्यावर मात्र जबाबदारी ठेवीदाराच्या निवडीची, असे चालणार नाही. माहिती तरी द्या किंवा हमी तरी द्या. आम्ही जास्त व्याजाच्या हावेने सहकारी बँकेत गेलो असेही म्हटले जाते. आम्ही गेलो कारण ती घराजवळ होती, तिथला शिपाई खुर्ची पुढे करत असे, तिथे मराठीत अर्ज मिळत असे आणि दारावर तुमच्याच परवान्याचा उल्लेख होता.

सहावी गोष्ट तक्रार म्हणण्यापेक्षा जाता जाता केलेली सूचना आहे, कारण तो विषय पूर्णपणे आपल्या अखत्यारीतला नाही. गावोगावच्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या यांना ठेव विमा लागूच नाही. त्यांच्या पाट्या, काउंटर आणि पासबुके हुबेहूब बँकेसारखी असतात, आणि निवृत्त होऊन गावी गेलेल्या माणसाला फरक कळत नाही. काही सहकारी संस्था आपल्या नावात बँक हा शब्द वापरतात, असा इशारा आपण नोव्हेंबर २०२१ मध्ये दिला होता. तो इंग्रजी प्रसिद्धिपत्रकातून आमच्या गावच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचलेला नाही. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, पण तो मालमत्ता जप्त करून विकण्याच्या वाटेने जातो आणि ती वाट लांबची असते.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, स्वेच्छानिवृत्तीची भरपाई यांतून थेट आलेल्या ठेवीला, पुराव्याच्या आधारे, ३० लाखांपर्यंत विमा संरक्षण द्यावे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचीच मर्यादा इथे लावावी. खात्यात अचानक आलेल्या मोठ्या रकमेला वेगळे संरक्षण देण्याची पद्धत नवी नाही. ब्रिटनमध्ये निवृत्तीची रक्कम किंवा घरविक्रीचे पैसे खात्यात आले तर सहा महिन्यांपर्यंत नेहमीच्या मर्यादेच्या वर संरक्षण मिळते. सर्वांसाठीच्या पाच लाखांच्या मर्यादेबाबतचा निर्णयही आता जाहीर करावा.

२. मर्यादेचा फेरविचार ठरावीक मुदतीने, महागाईशी जोडून करण्याची तरतूद कायद्यातच असावी. सत्तावीस वर्षांची विश्रांती पुन्हा नको.

३. संरक्षण नसलेल्या रकमेवर हप्ता घेणे थांबवावे, किंवा त्या हप्त्याच्या बदल्यात काही संरक्षण द्यावे.

४. कोणत्याही सहकारी बँकेवरील निर्बंध एक वर्षाच्या आत संपलेच पाहिजेत, मग ते बँक सावरून असो, विलीनीकरणाने असो वा परवाना रद्द करून. एक वर्षानंतर मुदतवाढ द्यायची असल्यास तिची कारणे ठेवीदारांना लेखी कळवावीत.

५. विलीनीकरणाच्या योजनेत साठ वर्षांवरील ठेवीदारांची रक्कम आधी द्यावी आणि त्यांच्या ठेवींवरील व्याज थांबवू नये. आजारपणासाठी पैसे काढण्याच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय व्हावा.

६. बँक त्वरित सुधारणात्मक कारवाईखाली आहे की नाही, तिचे निव्वळ बुडीत कर्जांचे प्रमाण किती आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या मानाने स्वतःचे भांडवल, किती, ही तीन वाक्ये प्रत्येक शाखेच्या दर्शनी भागात मराठीत लावणे सक्तीचे करावे. ठेवपावतीवर विम्याची मर्यादा ठळक छापावी. पतसंस्थांच्या दारावर "येथील ठेवींना डीआयसीजीसीचे विमा संरक्षण नाही" अशी पाटी लावण्याबाबत आपण सहकार खात्याकडे पाठपुरावा करावा.

७. बँकेच्या लेखापरीक्षकाने रोख शिल्लक प्रत्यक्ष मोजल्याचे प्रमाणपत्र वार्षिक अहवालात जोडावे, आणि ते खोटे ठरल्यास त्याच्यावर वैयक्तिक जबाबदारी निश्चित करावी.

यांपैकी कोणती मागणी मान्य होण्यासारखी नाही आणि का नाही, हे आपण कारणांसह जाहीर केले तरी मला चालेल; विचाराधीन हे उत्तर मात्र आम्ही फेब्रुवारीपासून ऐकतो आहोत. पुढील अर्थसंकल्पाच्या आत आपली भूमिका स्पष्ट व्हावी अशी अपेक्षा आहे. हे पत्र मी केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या कार्यालयाला आणि राज्याच्या सहकार आयुक्तांनाही पाठवत आहे. ज्या ठेवीदारांना या मागण्या पटतील त्यांनी आपापल्या खासदारांना त्या लिहून कळवाव्यात आणि आपल्या बँकेच्या पुढच्या वार्षिक सभेत सहावी मागणी ठराव म्हणून मांडावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ठेवीदार
ठाणे, नोव्हेंबर २०२५